धवल्याचा नंबर

वालधुनी रेकॉर्ड्सचं ऑफिस टिटवाळ्याला, एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जगदाळ्यांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत आहे. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि इस्त्रीला जायचे कपडे असतात. कंपनी टेक्नो संगीत काढते. आतापर्यंत सहा रेकॉर्ड निघाल्या. सगळ्या फोनवर ऐकायच्या, त्यामुळे कुणी त्या हातात धरलेल्या नाहीत. मालकीण रुचिता जगदाळे, वय एकोणतीस, दिवसा कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर बारकोड चिकटवते.

कंपनीतला दुसरा माणूस म्हणजे तिचे वडील, तानाजी जगदाळे. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना चालू होता तोवर एकतीस वर्षं ते तिथे पॅकिंग खात्यात होते. धाग्याच्या प्रत्येक पेटीला लॉट नंबर देणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत एकही नंबर चुकला नाही असं ते सांगतात, आणि त्यांना खोटं पाडेल असं कुणी आता भेटत नाही. टेक्नोबद्दल त्यांचं मत ठाम आहे. पहिला ट्रॅक ऐकला तेव्हा ते म्हणाले होते, "बेअरिंग गेलंय." दुसरा ऐकून म्हणाले, "हे बरंय. ह्या मशीनला तेल दिलंय."

त्यांची नेमणूक सहाव्या रेकॉर्डनंतर झाली. टेक्नो असो नाहीतर भजन, बाहेर काढायच्या प्रत्येक ट्रॅकला बारा जागांचा एक कोड लागतो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन कंपनीची, मग वर्षाचे दोन आकडे आणि शेवटचे पाच आकडे कंपनीने क्रमाने द्यायचे. ट्रॅक कुठेही वाजला की मोजणी त्या कोडच्या नावावर जमा होते. सबंध रेकॉर्डला आणखी एक वेगळा बारकोड. सहाव्या रेकॉर्डच्या वेळी रुचिताने दोन ट्रॅकना एकच कोड दिला आणि मुंब्र्याच्या बंटीचा ट्रॅक दोन आठवडे डोंबिवलीच्या कृतिकाच्या नावावर वाजत राहिला. बंटीने तक्रार केली नाही. कृतिकाच्या नावावर जास्त लोक ऐकत होते.

"दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताला बरोबर नंबर देतेस," तानाजी म्हणाले, "आणि घरी आलीस की असं?"

"मग तुम्हीच करा ना पप्पा."

त्यांनी दुसऱ्या दिवशी कल्याणहून लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. कपाटातून आपलं नंबरिंग मशीन काढलं. हातात धरून दाबायचं लोखंडी शिक्का-मशीन ते. प्रत्येक दाबाला खट वाजतं आणि आकडा आपोआप एकाने पुढे जातो. कारखान्यात ते स्वतःच्या पैशाने घेतलेलं होतं, म्हणून कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्याबरोबर घरी आलं. सोळा वर्षांनी त्यांनी त्याला तेल दिलं.

सातवी रेकॉर्ड संकलन होती: सात जणांचे नऊ ट्रॅक, नाव 'मोहने ते मुंब्रा'. त्यात चौथा ट्रॅक साईनाथ भोईरचा होता, 'चुनमाती'.

साईनाथ आंबिवलीजवळच्या आटाळी गावचा. लिफ्ट दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने लिफ्टच्या दाराचा, दोराचा आणि जनरेटरचा आवाज घेऊन त्यावर आपल्या आत्याच्या धवल्याच्या चार ओळी बसवल्या होत्या आणि तो ट्रॅक तेव्हाच ॲपवर टाकला होता. आत्या सखुबाई, वय बहात्तर, गावची धवलारीण. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण लागते. तिने गायलं की विधी झाला. ही गाणी म्हणजे धवले. सखुबाईंना असे बेचाळीस धवले पाठ होते, आणि त्यातले तीसेक गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हते. अलीकडे हळदीला डीजे येतो, आणि सखुबाईंचं दहा मिनिटं झालं की कुणीतरी पोरगा येऊन म्हणतो, आते, बस झाला.

साईनाथला सगळे धवले रेकॉर्ड करून ठेवायचे होते. वर्षभर तो मागे लागला होता. सखुबाईंनी शेवटी अट घातली.

"माज्या त्या चार ओली एक लाख लोकांनी आयकल्या का बाकीचा सगला गाईन. आमच्या तुलशीच्या लग्नापर्यंत. मग नय."

"आत्या, असं कुठे असतं का?"

"मांडवात पन्नास माणसा बसत नय माजा आयकायला. लाख आयकतान तर दाखव."

ही अट घातली तेव्हा 'चुनमाती' सत्तर हजारांवर होता. दसऱ्याला तो शहाण्णव हजारांजवळ आला. रोज सकाळी सखुबाई चहा घेताना विचारत, "कवरा झाला?" साईनाथ फोन उघडून आकडा सांगत असे. संकलन भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी निघणार होतं. तुळशीचं लग्न त्यानंतर नऊ दिवसांनी, रविवारी. नव्या रेकॉर्डबरोबर आठवड्याभरात तीन-चार हजार लोक तरी 'चुनमाती' ऐकणार, म्हणजे लाख सहज होणार होते. साईनाथने उसना माइक आणून ठेवला होता.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी तानाजींनी नऊ कोड पूर्ण केले. रुचिताने दिलेल्या कागदावर सहा ट्रॅकसमोर रकाना रिकामा होता, तीनसमोर आधीच कोड लिहिलेले होते. तानाजींनी ते तीन कोड लाल शाईने खोडले, पट्टी लावून, आणि नऊच्या नऊ ट्रॅकना नवे नंबर दिले. खट, खट, नऊ वेळा. रुचिताने शेवटचा आकडा तेवढा पाहिला आणि सगळं ॲपवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीला पाठवून दिलं. पप्पांचं काम तपासायचं तिच्या मनातही आलं नाही.

शनिवारी सकाळी आटाळीत सखुबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कवरा झाला?"

साईनाथने नवी रेकॉर्ड उघडली. 'चुनमाती'समोर एक हजार एकशे त्रेचाळीस असा आकडा होता. त्याने फोन बंद करून परत चालू केला. आकडा एक हजार एकशे शेहेचाळीस झाला.

"बोल ना."

"अकराशे."

सखुबाईंनी कप बाजूला सरकवला. "परवा तर सत्त्याण्णव हजार होते. उठून गेली कं रं माणसा?"

"आत्या, काहीतरी गडबड झाली."

"मांडवात पण अशीच उठतान," त्या म्हणाल्या. "पण येवरी एकदम नय."

दहा वाजता साईनाथ टिटवाळ्याला जगदाळ्यांच्या मागच्या खोलीत होता. रुचिताने कॉम्प्युटरवर दोन पानं शेजारी-शेजारी उघडली. जुना 'चुनमाती', दोन वर्षांपूर्वीचा, सत्त्याण्णव हजार चारशे तीस. नवा 'चुनमाती', संकलनातला, अकराशेच्या वर. गाणं तेच, सेकंदाचाही फरक नाही. पण ॲपच्या लेखी ही दोन वेगळी गाणी होती.

"कोड वेगळा लागलाय," ती म्हणाली. "पप्पा, रजिस्टर आणा."

तानाजींनी रजिस्टर आणलं, चष्मा लावला आणि पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. एकही आकडा खाडाखोडीचा नव्हता.

"नवीन कोड का दिला ह्याला?"

"नवीन रेकॉर्ड आहे म्हणून."

"पण ह्याला कोड होता ना. मी लिहिला होता."

"होता. मी खोडला." त्यांनी रजिस्टरमध्ये जपून ठेवलेला तिचा कागद काढून लाल रेघ दाखवली. "तो आधीच्या खात्याचा. कताईकडून पेटी आमच्याकडे आली की तिथला नंबर रद्द. पॅकिंगचा नंबर लावायचा. नाहीतर एका पेटीला दोन खाती मालक."

"पप्पा, गाणं म्हणजे पेटी नाही. ट्रॅकचा कोड जन्माचा असतो. तो दहा रेकॉर्डवर निघाला तरी तोच राहतो. रेकॉर्डचा बारकोड नवा, ट्रॅकचा जुनाच."

"दहा ठिकाणी एकच नंबर?"

"हो."

"मग माल कुठल्या गोदामात आहे ते कसं कळणार?"

"सगळ्याच गोदामांत असतो काका," साईनाथ म्हणाला.

तानाजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि कागदावरच्या तीन लाल रेघा पुन्हा एकदा पाहिल्या.

"हे मला आधी सांगायला हवं होतं."

"लिहून दिलेलं."

"लिहून दिलं होतंस. सांगितलं नव्हतंस." मग ते म्हणाले, "तुला तपासायला हवं होतं. ते तू केलं नाहीस. पण नंबर मी दिला, तेव्हा चूक माझी."

त्यांनी लाल पेन घेतलं आणि रजिस्टरमधल्या तीन ओळींवर रेघ मारली. बाजूला जुने कोड लिहिले, कारण लिहिलं, तारीख आणि सही.

"पप्पा, ऐतिहासिक क्षण. फोटो काढू?"

"काढ," तानाजी म्हणाले. "सही दिसू दे."

रुचिताने दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी पाठवला. सोमवारी उत्तर आलं: दोन्ही मोजण्या जुन्या कोडखाली एकत्र होतील, त्याला पाच ते सात कामाचे दिवस लागतील. साईनाथने बोटांवर मोजलं. पाच दिवस झाले तर पुढचा सोमवार. सात झाले तर बुधवार. तुळशीचं लग्न रविवारी.

त्याआधी, अर्ज गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तानाजी आटाळीला गेले होते. जाऊ नका म्हणून रुचिताने सांगून पाहिलं होतं. पण कारखान्याचा नियम होता: चुकीचा नंबर लागला तर लावणाऱ्याने त्या खात्यात जाऊन स्वतः सांगायचं. हा नियम एकतीस वर्षांत त्यांना कधी वापरावा लागला नव्हता, पण पाठ होता.

सखुबाई अंगणात तुळशीवृंदावनाला गेरू लावत होत्या. तानाजींनी पिशवीतून रजिस्टर काढलं.

"आक्का, तुमच्या गाण्याचा नंबर माझ्या हातून चुकला."

"तूच तो नंबरवाला?" सखुबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस भाऊ. साईनाथ, पानी दे ह्याला."

तानाजींनी सगळं क्रमाने सांगितलं. पेटी, कताई, पॅकिंग, जुना नंबर रद्द, नवा नंबर. सखुबाई गेरूचा हात थांबवून ऐकत होत्या.

"मंजे गाना नव्या घरात आला, म्हणून तू त्याचा नाव बदलला."

"तसंच."

"मग त्यात काय चुकला? माजा पण तसाच झालेला. माहेरची मी गोदू. लग्नात ताटात तांदूल पसरला, त्यावर अंगठीनी लिवला सखू. तवापासून गोदूला कोनी इचारला नय." त्या परत गेरू लावू लागल्या. "आपल्यात तसाच करतान. बायकांचा करतान तसा तू गान्याचा केला."

"पण ते नियमात नाही."

"कुनाच्या?"

तानाजींनी रजिस्टर मिटलं.

साईनाथने संधी साधली. "आत्या, दोन्ही मिळून लाखाच्या जवळ आलंच ना मग. शुक्रवारपर्यंत बेरीज लाखावर जाईल. मान्य कर."

"नय."

"का?"

"मी काय बोललेली? फोनमदी एक लाख दिसला पायजे. गोदूचे वेगले आन् सखूचे वेगले असा नय चालत. येका ठिकानी दाखव."

"तुम्ही अगदी बरोबर बोलताय," तानाजी म्हणाले. साईनाथने त्यांच्याकडे पाहिलं. "नोंद झाल्याशिवाय बेरीज धरता येत नाही."

"बघ," सखुबाई म्हणाल्या. "मानूस चांगला हाय."

आठवडा गेला. शुक्रवारी दोन्ही मिळून लाख ओलांडून गेले, पण फोनवर ते दोनच होते. शनिवारी सकाळी सखुबाईंनी विचारलं, "कवरा झाला?" आणि साईनाथने दोन आकडे सांगितले. त्या "बरा" एवढंच म्हणाल्या.

रविवारी द्वादशी. सखुबाई दरवर्षी द्वादशीलाच तुळशीचं लग्न लावत आणि गावातलं पहिलं लग्न त्यांच्या अंगणातलं असे. साईनाथने सकाळी पाच ऊस आणून भिंतीला टेकवले, कारण त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. संध्याकाळी शेजारची लक्ष्मी आवळे, चिंचा घेऊन आली.

"आते, लावायचा ना?"

सखुबाईंनी उसांकडे पाहिलं. "यो ऊस वाकडा हाय."

"कुठला?"

"मधला. वाकड्या उसाचा मांडव नय घालत. उद्या बघू. मुहूर्त पुनवेपर्यंत हाय."

लक्ष्मी आवळे घेऊन परत गेली. साईनाथने मधला ऊस उचलून दाराच्या चौकटीला लावून पाहिला. सरळ होता. त्याने तो जागेवर ठेवला. रात्री रुचिताला फोन करून त्याने एवढंच सांगितलं, "आत्याने लग्न पुढे ढकललं. ऊस वाकडा निघाला."

"निघाला का खरंच?"

"मी काय इंजिनियर आहे?"

सोमवारी सखुबाईंचे पाय दुखत होते. त्याच दुपारी त्या आंबिवलीच्या बाजारात चालत जाऊन आल्याचं तीन जणांनी पाहिलं. मंगळवारी त्या म्हणाल्या, मंगळवार आहे. लक्ष्मीने कुंपणावरून विचारलं, "आते, सगल्यांच्या तुलशी सासरी गेल्या. तुजीच घोडनवरी ऱ्हायली. काय हुंड्याचा अडलाय कं?"

"नवऱ्याकडचा कागद यायचाय," सखुबाई म्हणाल्या.

बुधवारी पौर्णिमा. साईनाथने रजा टाकली. रुचिता लॅबमधून अर्ध्या दिवसाने निघाली आणि वडिलांना घेऊन चार वाजता आटाळीला आली. तानाजींच्या पिशवीत रजिस्टर होतं, मशीन होतं आणि शाईची बाटली. अंगणात मांडव घातलेला होता. मधला ऊस मधेच होता. सखुबाई हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. फोन त्यांच्यासमोर पाटावर ठेवलेला होता. साडेचार झाले, पावणेपाच झाले. लक्ष्मीने अंतरपाटाचा पंचा दोनदा घडी करून दोनदा उघडला.

"सहाला त्या गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीचं ऑफिस बंद होतं," रुचिता हळूच म्हणाली.

"पुनव सरंल," लक्ष्मी म्हणाली. "आते, आता काय वाकडा हाय ते सांग."

पाच वाजून वीस मिनिटांनी साईनाथने पान परत उघडलं. जुना 'चुनमाती' आणि नवा 'चुनमाती' दोन्हीकडे एकच आकडा होता. त्याने तो वाचला नाही, फोनच आत्याच्या हातात दिला. सखुबाईंनी स्वल्पविराम सोडून एकेक आकड्यावर बोट ठेवलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." त्यांनी फोन तानाजींपुढे धरला. "भाऊ, तू वाच. तुजा खरा धरीन."

"एक लाख दोन हजार तीनशे अठरा," तानाजींनी वाचलं. मग रजिस्टर उघडून, फोनवरून उतरवून घेतलेले शेवटचे दोन आकडे पाहिले. जुने सत्त्याण्णव हजार सहाशे चाळीस, नवे चार हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर. "बेरीज जुळते."

"गोदू आन् सखू भेटल्या," सखुबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आत्या," साईनाथ म्हणाला, "उद्यापासून करू ना रेकॉर्डिंग? आज तू दमलीस."

"माइक कुठं हाय तुजा?"

"घरात."

"मग आन. लग्न लागाचा हाय, आन् धवला घरात बसून गाऊ?"

माइक आला. वायर उसाला बांधली. लक्ष्मीने अंतरपाट धरला आणि सखुबाईंनी मांडवाचा धवला सुरू केला. तो अकरा मिनिटं चालला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना तो शेवटपर्यंत म्हणू दिलेला नव्हता, त्यामुळे मधल्या ओळी लक्ष्मीलाही नव्या होत्या. तिचे हात भरून आले तरी पंचा खाली आला नाही. बस झाला असं कुणी म्हटलं नाही. शेवटची ओळ झाली, सखुबाई थांबल्या, साईनाथने यंत्र बंद करायला बोट उचललं, आणि त्याच क्षणी ओट्यावर बसलेल्या तानाजींनी रजिस्टरच्या नव्या पानावर मशीन दाबलं. खट.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काका," साईनाथ म्हणाला, "रेकॉर्डिंग चालू होतं."

तानाजी मशीन हातात धरून तसेच बसले. "नोंद लगेच करायची असते."

"काय लिवला?" सखुबाईंनी विचारलं.

"नंबर. नाव अजून लिहिलेलं नाही. गाणाऱ्याचं नाव काय लिहू आक्का?"

सखुबाईंनी तुळशीवर अक्षता टाकल्या आणि पदराला हात पुसले. "दोन्ही लिव. आन् त्यावर लाल रेघ मारू नको."

तानाजींनी दोन्ही नावं लिहिली. रुचिताने खांद्यावरून वाकून तपासलं, कोडाच्या बाराही जागा बोटाने मोजून. तानाजींनी तपासू दिलं.

मार्गशीर्ष संपलाय आणि आतापर्यंत एकोणीस धवले रेकॉर्ड झाले आहेत. बाकीचे तेवीस सखुबाई आपल्या सवडीने गाणार आहेत. नवी अट अजून घातलेली नाही, पण घालणार नाही असंही त्या म्हणालेल्या नाहीत. पहिल्या धवल्याच्या शेवटी तो आवाज आहे. रुचिताने तो कापायला सांगितला. साईनाथने टिटवाळ्याच्या मागच्या खोलीत, इस्त्रीचे कपडे बाजूला करून, स्पीकरवर तीन वेळा ऐकलं.

"ठेवूया," तो म्हणाला. "तालात आहे."

"असणारच," तानाजी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले. "मशीनला तेल दिलंय."